एकलकोंड्याची महामांत्रिक

वयाच्या अकराव्या वर्षी मी एका देशाची प्रमुख होते. हे मी नवऱ्याला लग्नानंतर सातआठ वर्षांनी सांगितलं, तेव्हा तो पेपर खाली न ठेवता म्हणाला, "वाटतंच." त्याने पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो देश कसा चालायचा हे आठवलं की मला अजून लाज वाटते, आणि ती खेळ खेळल्याची लाज नाही.

मुंबईतली एक खोली सोडून आम्ही खांदेश्वरजवळच्या कॉलनीत राहायला आलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा तिथे स्टेशन झालं नव्हतं. देऊळ होतं, तळं होतं, सरळ आखलेले रस्ते होते आणि त्या रस्त्यांवर माणसं यायची बाकी होती. आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट, त्यांतले सहा भरलेले. उरलेले लोकांनी पुढेमागे भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवले होते. आईला स्वतःचं स्वयंपाकघर मिळाल्याचा इतका आनंद झाला होता की पहिले पंधरा दिवस ती येताजाता ओटाच पुसत होती. पण तिची नोकरी फोर्टातच राहिली. सकाळी साडेसहाला ती बसने बेलापूरला जायची, तिथून पुढे गाडी, आणि घरी परत येईपर्यंत आठ वाजायचे. वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात होते आणि त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. मी सहावीत. सकाळची शाळा, एक वाजता घरी. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली.

जुन्या जागेत एकटं राहायचं म्हटलं तरी जमलं नसतं. नळावर उभं राहिलं तरी चार जणी विचारायच्या, गणितात किती पडले. इथे मी दार उघडून आत गेले की माझ्याच चपलांचा आवाज दोन्ही खोल्यांतून ऐकू यायचा. आईने झाकून ठेवलेला आमटीभात मी ओट्याशी उभ्यानेच खायचे, कारण ताट घेऊन बसलं की घास लवकर उतरायचा नाही. आठ वाजता आई यायची आणि पर्स ठेवता ठेवता विचारायची, "करमलं का गं?" तिचा चेहरा बघून मी म्हणायचे, "हो, मजेत." मग ती पंख्याखाली बसून पाय चोळायची आणि आम्ही पुढच्या गोष्टींना लागायचो.

आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, माझ्याच वयाची एक मुलगी राहायची. नावं सांगायची नाहीत असं मी ठरवलंय, म्हणून तिला इथे खालचीच म्हणते. तसंही तेव्हा मी मनात तिला तेच म्हणायचे. तिचे लोक मूळचे श्रीवर्धनकडचे. वडील मस्कतला, सात वर्षं. वर्षाआड महिनाभर यायचे आणि जायचे. आई पनवेलला उर्दू शाळेत शिकवायची, दुपारची शाळा, घरी यायला साडेसहा. म्हणजे एकपासून साडेसहापर्यंत खालचीही एकटी. दोघींच्या आयांचा हुकूम मात्र अगदी एकसारखा होता: कुणाला घरात घ्यायचं नाही आणि कुणाच्या घरात जाऊन बसायचं नाही. माझ्या आईच्या हुकुमात "त्यांच्या घरात तर नाहीच" असं एक शेपूटही होतं. ते ती मोठ्याने बोलायची नाही, पण मला कळायचं.

म्हणून आम्ही भेटलो ते जिन्यात. तिच्या आणि माझ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथे खिडकीखाली सिमेंटचा कट्टा होता. तो कुणाच्याच घरात नव्हता. देशाची राजधानी तीच.

देशाचं नाव एकलकोंडा. एका लग्नात माझ्या आत्याने मला सगळ्यांसमोर एकलकोंडी म्हटलं होतं. मला ते फार लागलं होतं. पण खालचीला तो शब्द आवडला. इतिहासाच्या पुस्तकातल्या किल्ल्याचं नाव वाटतं, म्हणाली. मग आम्ही तिथे किल्ला बांधला, त्याला सात दरवाजे ठेवले, आणि राज्य कुणी करायचं याचा विचार सुरू केला.

राजा नको, हे दोघींनाही मान्य होतं, कारण राजाची मुलगी आयती राणी होते आणि आमच्या दोघींच्या वडिलांमध्ये राजाचं काही दिसत नव्हतं. निवडणूक घ्यावी तर मतं दोन, आणि जिचं मत तिलाच. शेवटी ठरलं की राज्य मांत्रिकांचं असावं. जिच्याकडे शक्ती जास्त ती महामांत्रिक. आता शक्ती मोजायची कशी? मी म्हटलं, ऋषी जंगलात एकटे बसतात तेव्हा त्यांना सिद्धी मिळते. लग्नाच्या मांडवात कुणाला सिद्धी मिळाल्याचं कुठे ऐकलंय? खालची म्हणाली, त्यांच्या गावच्या दर्ग्यातले बाबासुद्धा चाळीस दिवस एकटेच बसले होते. दोन्हीकडून पुरावा आला. कायदा झाला: जी जास्त तास एकटी, तिची शक्ती जास्त. दर सोमवारी मागच्या आठवड्याचे तास मोजायचे आणि जिचे जास्त ती आठवडाभर राज्य करणार.

मला तेव्हा हा कायदा जगातला सर्वांत हुशार कायदा वाटला होता. दुपारी एकला दार उघडलं की जो रिकामा वेळ समोर यायचा, त्याचं आता काहीतरी होत होतं. तो जमा होत होता.

राज्यघटना आम्ही शाळेच्या उरलेल्या पानांवर लिहिली. टीव्हीतला माणूस माणूस धरायचा नाही. दारावर कुणी साबण विकायला आलं तर पाच मिनिटं वजा. शेजारीण साखर मागायला आली आणि बोलत उभी राहिली तर जितकी उभी तितकी वजा. फोन दोघींकडे नव्हता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. खरा प्रश्न आला तो माझ्या वडिलांचा. त्यांची पहिली शिफ्ट असली की ते साडेचारला घरी, माझे तास गेले, राज्य खालचीचं. दुसरी शिफ्ट असली की ते दीडला बाहेर पडायचे ते मी झोपल्यावर यायचे, त्या आठवड्याला राज्य माझं. पण तिसरी शिफ्ट असली की ते दिवसभर आतल्या खोलीत झोपलेले असायचे. झोपलेला माणूस माणूस धरायचा का? खालची म्हणाली, धरायचा, घोरतो ना. मी म्हटलं, घोरण्याशी बोलता येतं का? चार दिवस वाद चालला. शेवटी झोपलेला बाप पाव माणूस धरायचा असं ठरलं, आणि त्या हिशेबाने तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात आम्ही जवळपास बरोबरीत यायचो. तो सगळा आठवडा भांडणात जायचा.

सगळ्यांत अवघड कलम वेगळंच होतं. आम्ही दोघी कट्ट्यावर बसलो तर एकट्या कशा? तो वेळही वजा करायलाच हवा. आणि जितका वेळ वजा, तितकी शक्ती कमी. म्हणून सभा रोज पाचला सुरू करायची आणि साडेपाचला उठायची असा नियम केला. त्याहून जास्त भेटलो तर दोघींचं नुकसान. दोन पोरी एका मजल्याच्या अंतरावर, आपापल्या घरात घड्याळाकडे बघत बसलेल्या, आणि भेटायचं नाही कारण भेटलं की राज्य जातं. तेव्हा यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. साडेपाचला मी स्वतःच उठायचे. "सभा बरखास्त," म्हणायचे आणि वर जायचे.

महामांत्रिक कट्ट्यावर बसायची आणि दुसरीने बस म्हणेपर्यंत उभं राहायचं. राज्यात प्रजा नव्हती, कारण प्रजा व्हायला दोघींपैकी कुणी तयार नव्हतं. हुकूम निघायचे: आज पाणी पाच वाजता येईल. ते रोजच पाचला यायचं. उद्या गणिताच्या बाई आजारी पडतील. त्या पडायच्या नाहीत. पण महामांत्रिकाचं खरं काम एकच होतं आणि ते आम्ही दोघीही मनापासून करायचो. सभा उठायच्या आधी दोघींच्या आयांना घरी आणायचा मंत्र म्हणायचा. मंत्र म्हणजे वाटेतली गावं, क्रमाने, न चुकता, एका श्वासात. माझ्या आईसाठी बेलापूर, खारघर, कळंबोली, खांदेश्वर. तिच्या आईसाठी पनवेलपासूनचे चौक आणि वळणं. मध्ये श्वास तुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

एकदा माझं राज्य असताना आईची बस बंद पडली आणि ती साडेनऊला आली. दुसऱ्या दिवशी खालचीने माझ्यावर अविश्वास ठराव आणला. त्या वर्षांत दिल्लीत सरकारं पडत होती आणि वडील जेवताना ते शब्द बोलायचे, त्यामुळे आम्हाला सगळी भाषा येत होती. मी राजीनामा दिला, तीन दिवस तिने काळजीवाहू म्हणून काम पाहिलं, आणि त्या तीन दिवसांत तिने मंत्र इतक्या काळजीने म्हटला की माझी आई एकदा पावणेआठलाच आली. खालची त्याचं श्रेय बरेच दिवस घेत होती. मीही तिला ते घेऊ दिलं.

दीड वर्ष हे असं चाललं. मग जानेवारीत तिचे वडील मस्कतहून आले.

ते येणार हे तिने मला सांगितलं होतं, पण ते दर वेळी येतात तसे येतील असं मला वाटलं होतं. त्या आठवड्याचं राज्य माझं होतं. पाच वाजता ती चॉकलेटांचा डबा घेऊन जिना चढून आली, उभी राहिली, आणि मी बस म्हणायच्या आधीच म्हणाली, "अब्बा आता जानार न्हाईत. इथंच दुकान टाकनार हायत."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. मला हेवा वाटला, दुसरं काही नाही. त्याला मी तेव्हा कायदा हे नाव दिलं. मी तिला विचारलं, दुकान सुरू होईपर्यंत ते दिवसभर घरी? हो. आणि झाल्यावर? दुपारी जेवायला घरी, तिथून संध्याकाळपर्यंत घरी. मी बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि सांगितलं की तिचे तास शून्य. ज्याच्या घरात माणूस आहे त्याला शक्ती नाही, आणि ज्याला शक्ती नाही तो मांत्रिक नाही.

"कायदा बदल ना," ती म्हणाली. "तूच हायस ना आता मोठी."

मी म्हटलं, कायदा असा कुणासाठी बदलत नाहीत.

ती जरा वेळ डबा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. मग मी प्रजा होते."

दीड वर्षात जे दोघींपैकी कुणी व्हायला तयार नव्हतं, ते ती व्हायला तयार झाली. मी म्हटलं, या देशात प्रजा नसते. आणि सभा बरखास्त केली. डबा ती कट्ट्यावरच ठेवून गेली. ती चॉकलेटं मी त्याच दिवशी सगळी खाल्ली.

त्यानंतर मी एकटीने राज्य केलं. रोज पाचला जाऊन कट्ट्यावर बसायचे, कुणी उभं नसायचं, हुकूम काढायचे, साडेपाचला सभा बरखास्त करायचे. खालून त्यांच्या घरातला टेपरेकॉर्डर ऐकू यायचा, तिचे वडील मोठ्याने हसायचे, तळलेल्या मासळीचा वास यायचा. एक दिवस रागाने मी मंत्रातून तिच्या आईला वगळलं. साडेसहा झाले, पावणेसात झाले, जिन्यात पाऊल वाजेना. मी दाराला कान लावून उभी होते आणि पनवेलपासूनचे चौक पुन्हा पुन्हा म्हणत होते. सातला तिची आई आली, हातात भाजीची पिशवी. त्यानंतर मी तिला कधी वगळलं नाही.

मध्ये एकदा त्याच बाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं की दुपारची आमच्यात जेवायला येत जा, एकटी कशाला जेवतेस. मी म्हटलं, आई ओरडेल. ते खरंही होतं. पण खरं कारण हे की गेले असते तर माझे तास गेले असते. एवढे कष्टाने जमवलेले. राज्यात माणूस उरलं नव्हतं तरी मला खुर्ची सोडवत नव्हती. मोठेपणी मी टीव्हीवर काही पुढारी बघते आणि घरातले सगळे त्यांना हसतात तेव्हा मी गप्प बसते.

मे महिना आला. सुट्टी लागली, आणि कंपनीने वडिलांना दीड महिन्यासाठी नाशिककडे नवीन मशीन बसवायला पाठवलं. आता साडेसहाला आई गेली की आठपर्यंत मी एकटी. साडेतेरा तास. एकलकोंड्याच्या इतिहासात एवढी शक्ती कुणाला मिळाली नव्हती. मी ते आकडे लाल खडूने लिहायचे. दुपारी दोनच्या सुमाराला कधी कधी मी मोठ्याने बोलून बघायचे, आवाज नीट येतो का ते.

एक दिवस तीनला बेल वाजली. मी बाहेरचं जाळीचं दार न उघडताच पाहिलं. खालचीची आई. त्यांनाही सुट्टी होती. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि विचारलं, तुमचं दोघींचं काही भांडण झालंय का. मी नाही म्हटलं. मग त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. मुलगी जेवून उठली की गायब होते. तळमजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटचं कुलूप मोडलंय, तिथे जाऊन बसते. सकाळीही बसते. बाप म्हणतो चल दुकानात, चल तळ्यावर, तर येत नाही. बोलावलं की म्हणते, माझ्याशी बोलू नका, माझा टाइम जातो.

"सात वर्षांनी कायमचा घरी आलाय मानूस," त्या म्हणाल्या. "आता मला विचारतोय, पोरीला मी नको झालो काय. मी काय सांगू त्याला? तू सांगून बघ तिला. ती तुझं ऐकते."

जाळीतून त्यांचे डोळे दिसत होते. मी किल्ली गळ्यात घातली आणि खाली गेले.

त्या फ्लॅटमध्ये सिमेंटच्या पोत्यांची रास होती आणि फुटक्या लाद्या. आतल्या खोलीत भिंतीला टेकून खालची बसली होती. मला बघितलं आणि ती उठून उभी राहिली. महामांत्रिकासमोर उभं राहायचं असतं म्हणून. चार महिने मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि ती उभी राहिली. भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या, पाच पाचच्या जुड्या करून.

"चौऱ्याऐंशी तास झाले," ती म्हणाली. "किती लागतात? आता घे ना मला परत."

मी घाईघाईने म्हटलं, घेतलं. आत्तापासून घेतलं, पुरेत एवढे. मला वाटलं, झालं. तिच्या आईने सांगितलेलं काम झालं आणि मला माझी मैत्रीण मिळाली. तिचा चेहरा फुलला. मग तिने विचारलं, "मग उद्या पन बसू ना? न्हाईतर परत शून्य होईल."

ती अगदी गंभीरपणे विचारत होती. कायदा मीच केला होता, तो तिला माझ्यापेक्षा चांगला कळला होता. देश आहे तोवर ती इथेच बसणार होती आणि तिचा बाप दुसऱ्या मजल्यावर दार उघडं ठेवून वाट बघत बसणार होता. मी म्हटलं, "नको बसू. राज्य संपलं."

"कुनी संपवलं?"

"मी."

"तुला येतं संपवता?"

"मी महामांत्रिक आहे," मी म्हटलं.

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एवढे दिवस मी बसले ते कशाला, असं काहीतरी ती म्हणाली आणि रडत रडत मला ढकलून जिना चढून गेली. वर दार आपटल्याचा आवाज आला. मग तिच्या वडिलांचा आवाज, घाबरलेला, काय झालं, काय झालं म्हणून. मग दोघांचाही आवाज बारीक होत गेला.

मी घरी आले. साडेतीन वाजले होते. घड्याळ तेच होतं, खोल्या त्याच होत्या. पण आता त्या वेळाचं काहीच होत नव्हतं. तो जमा होत नव्हता. मी नुसती घरात एकटी बसले होते, आणि आई यायला साडेचार तास होते. गेली दीड दोन वर्षं ज्याच्यापासून मी पळत होते ते सगळं त्या दुपारी येऊन समोर बसलं. मी कॉटखाली जाऊन झोपायचा प्रयत्न केला. नंतर सवयीने पाच वाजता गावांची नावं म्हणायला गेले तर दुसऱ्याच नावावर श्वास तुटला.

आठ वाजता आई आली. पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "करमलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मला रोजच करमत नाही."

आईच्या हातात अजून पर्स होती. ती तशीच कॉटच्या कडेला बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुला आवडतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, माझी मुलगी कशी छान राहते म्हणून." तिला राग आला नव्हता. मला वाटतं ती दमली होती आणि आणखी एक दमणूक तिच्यासमोर आली होती. मी तिला म्हटलं, उद्या जाऊ नको. ती म्हणाली, उद्या रजा मिळणार नाही गं. आणि मग आम्ही दोघी जेवलो. तिने माझ्या ताटात दोनदा भात वाढला, जो मला नको होता, आणि मी तो खाल्ला.

माझी आई कुणाकडे काही मागणारी बाई नव्हती. जुन्या जागेतसुद्धा तिने कधी कुणाकडून वाटीभर साखर आणली नाही. लोकांचे उपकार घेतले की मान खाली घालून चालावं लागतं, असं ती म्हणायची. नव्या कॉलनीत दीडदोन वर्षं राहून खालच्या घराशी तिचं बोलणं जिन्यात मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी तयार झाली. मला उठवून पुढचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि उतरली. मी दार लावलं नाही. जिन्यात तिच्या चपला एक मजला वाजल्या आणि थांबल्या. मग बेल वाजली. एवढ्या सकाळी, खालच्या घराची. दार उघडलं ते खालचीच्या वडिलांनी. मी कठड्यावरून वाकून बघत होते. मला आईचा फक्त आंबाडा आणि खांद्यावरची पर्स दिसत होती. तिने आधी माफी मागितली, इतक्या लवकर आले म्हणून. मग साहेबांकडे रजा मागताना लागतो तसा तिचा आवाज लागला. हिला दुपारी थोडा वेळ तुमच्यात बसू द्याल का, असं तिने विचारलं. आणि ते काही बोलायच्या आत, जणू त्यांनी कारण विचारलं असावं तसं, म्हणाली, "माझी मुलगी दिवसभर एकटी असते हो."

मी वर उभी राहून ते ऐकलं. दीड वर्ष मी हेच मोजून, लिहून, मिरवून राज्य केलं होतं. आईने ते एका परक्या माणसाच्या दारात मान खाली घालून सांगितलं, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मला रडू आलं. खाली कुणीतरी म्हणालं, दुपारी कशाला, आत्ताच पाठवा. आई जिन्यात वर बघायला लागली. मी पायात चपला घातल्या आणि उतरले.